बाकावरून बोलायचं नाही

मिनेसोटातल्या त्या लहानशा कॉलेजात ऑरिन टटल कोच म्हणून आले, तेव्हा मैदान नावालाच होतं. चुन्याच्या रेघा तेच मारायचे, उसवलेले चेंडू तेच शिवायचे. पानगळीत धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल, बर्फ पडलं की चर्चच्या तळघरात बास्केटबॉल, बर्फ वितळलं की बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यती. खेळ बदलायचे, पोरं तीच.

"अरे, त्यांना दमायला तरी सवड देशील की नाही?" बायको हॅटी म्हणायची.

त्या पोरांत एमेट शेलस्टाड होता, नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा. बेसबॉलमध्ये तो चेंडू टाकायचा. "तुझा चेंडू दिसतच नाही रे, नुसता हातावर बसतो," अशी झेलणाऱ्याची रड असायची. वसंतात शिकागोच्या एका संघाचा माणूस त्याला पाहायला येणार होता.

त्याआधीच्या नोव्हेंबरात शेजारच्या कॉलेजशी फुटबॉलचा सामना झाला. तो जिंकल्यातच जमा होता. झटापटीच्या ढिगाखालून एमेट उठला तो उजवा खांदा धरून, आणि त्यानं बाकाकडे पाहिलं. टटलांना ते दिसलं. पण आदल्या वर्षी याच लोकांनी त्यांना हसून घालवलं होतं. आणखी एकदा त्यांची रेघ ओलांडून गुण घ्यावेत, असं टटलांच्या मनात होतं. ते खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले.

पुढच्याच धडकेत खांदा कायमचा गेला. शिकागोचा माणूस आलाच नाही.

एमेट शेतावर राहिला. कोचवर तो कधी रागावला नाही. दर पानगळीत सफरचंदांची टोपली घेऊन यायचा. टटलांना ती सफरचंदं कधी गोड लागली नाहीत. एक गोष्ट बोलायची राहिली होती. टोपली दारात आली की ती ओठांवर यायची आणि तिथूनच माघारी फिरायची.

टटल निवृत्त झाले, त्या संध्याकाळी जेवणानंतर एमेट बोलायला उभा राहिला.

"पोरांनो, आमच्या वेळी कोचनं बाकावरून तोंड उघडलं की संघाला दंड बसायचा. नाहीतर यांनी मला त्या दिवशी नक्की बाहेर बोलावलं असतं. नियम पाळणारा माणूस."

"घरी अजून पाळतो," हॅटी म्हणाली. सगळे हसले.

टटलांच्या पुढ्यातला ॲपल-पाय तसाच राहिला. नियमानं बोलायची बंदी होती. बदली खेळाडू म्हणून रॉस्कोला धाडायची नव्हती.

बाहेर एमेटच्या ट्रकपाशी त्यांनी त्याला गाठलं. "एमेट, त्या दिवशी रॉस्को..."

"तुमच्या शेजारीच बसला होता," एमेट म्हणाला. "खेळायची चामडी टोपी चढवून, तयार. मला दिसत होता."

"मग आत तसं का बोललास?"

"एवढी माणसं तुमच्यासाठी आली होती, कोच." ट्रकचं दार उघडून तो म्हणाला, "मी बरीच वर्षं वाट पाहिली, तुम्ही म्हणाल म्हणून. मग सोडून दिलं."

त्यानं निरोपासाठी डावा हात पुढे केला. उजवा तेवढा वर येत नसे. टटलांनी तो हातात घेतला. बोलायचं म्हणून जपून ठेवलेलं सगळं आता जुनं झालं होतं.