कोणाचा पाय पडत नाही अशी जागा

सगळ्या मँचेस्टरमध्ये कापडाची घडी घालता येणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे आमच्या वसईच्या मावशी. बाकी आपण सगळे कापडं नुसती गुंडाळतो, असं त्यांचं मत आहे आणि ते त्या समोरच्याच्या घरात बसून सांगतात. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. मागच्या गल्लीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती नर्स. निवृत्तीनंतर लोक क्रूझवर जातात. मावशींनी गल्लीच्या टोकाच्या कॅथलिक चर्चची वेदी सांभाळायला घेतली. पगार नाही, सुट्टी नाही. मिस्सेच्या, म्हणजे वेदीवरच्या प्रार्थनेच्या, आधी पुस्तक उघडून ठेवायचं, मेणबत्त्यांच्या वाती कातरायच्या, प्याला लखलखीत ठेवायचा, फादरांचे झगे इस्त्री करायचे आणि वेदीवरची पांढरी कापडं घरी नेऊन धुवायची. त्यातला एक चौकोनी रुमाल प्याल्याखाली अंथरतात. त्याची घडी तीन-तीन भागांत, आतल्या बाजूला घालायची, म्हणजे पवित्र भाकरीचा एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो. ही सवय मावशींच्या हाताला इतकी लागली आहे की वर्तमानपत्र, शॉपिंगची पिशवी, माझ्या टेबलावरचा नॅपकिन, सगळ्यांच्या नशिबी तीच घडी येते. एकदा मी त्यांना घावन वाढलं. गप्पा मारता मारता त्यांनी त्याचीही नऊ चौकोनांची घडी घातली, आणि आता हे खायचं कसं, म्हणून माझ्याकडे पाहिलं.

आमची ओळख पाण्यावरून झाली. मी यादीवर चालणारी बाई आहे. आठवड्याची यादी फ्रिजवर असते आणि सोमवारी तिच्यात 'कचऱ्याचा बिन बाहेर ठेवणे' याखेरीज फारसं काही नसतं. अशाच एका सोमवारी मी फोनवर बोलत बिन ओढत होते, तर मागच्या फाटकाशी एक ठेंगण्या बाई झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन उभ्या. माझं मराठी ऐकून थांबल्या होत्या. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाल्या, "बाय, तुझ्या अंगणात कोणाचा पाय पडत नाही अशी जागा आहे का?"

"कशाला?"

"पाणी ओतायला."

"घरात सिंक आहे की."

"सिंकमध्ये ओतायचं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

मला प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत चैन पडत नाही. मी त्यांना आत घेतलं, चहा केला आणि सगळं विचारून घेतलं. वेदीवरची कापडं साबणाला लागण्याआधी नुसत्या पाण्यातून काढायची असतात आणि ते पहिलं पाणी गटारात जाता कामा नये; ते मातीतच जिरायला हवं. चर्चमध्ये त्यासाठी वेगळं बेसिन आहे, त्याचा पाइप थेट जमिनीत उतरतो. म्हणजे उतरायचा. दुरुस्तीच्या वेळी प्लंबरने तो मुख्य ड्रेनला जोडून टाकला आणि वर "सगळं पाणी शेवटी एकाच ठिकाणी जातं, लव्ह," असंही ऐकवलं. मावशींनी त्याला चहा दिला, बिस्कीट दिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, पण माती नाही. "म्हणजे आमच्या निर्माल्यासारखंच," मी म्हटलं. "असेल," मावशी म्हणाल्या, "आधी जागा दाखव." कुंपणाजवळ रुबार्बच्या झुडपामागे एक कोपरा होता, तो मी दाखवला. तेव्हापासून दर सोमवारी मावशी डबा घेऊन येऊ लागल्या. पाणी ओतायचं, क्षणभर थांबायचं, मग माझ्या दोरीवर वाळणारे टॉवेल चुकीचे घातलेत म्हणून पुन्हा घालायचे.

मावशींना महिन्यांशी काही देणंघेणं नाही, त्यांचा हिशोब रंगांचा. फादरांच्या झग्याचा रंग सणावारांप्रमाणे बदलतो, त्यामुळे दातांच्या डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टलाही त्या "जांभळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते" असं सांगून फोन ठेवतात. नायजेरियाहून आलेले तरुण फादर त्यांना 'ममा' म्हणतात आणि घाबरतात. एका हुतात्मा संताच्या, म्हणजे लाल रंगाच्या, दिवशी ते चुकून हिरवा झगा घालून निघाले, तर मावशींनी दारातच अडवलं. "फादर, तो बिचारा जिवानिशी गेला आणि तुम्ही हिरव्यात निघालात?" फादर मुकाट्याने लाल घालून आले. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण कुतूहलापोटी त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. वेदीजवळ एक तांबडा दिवा सतत जळत असतो. तो कशाला, असं मी नंतर विचारलं. मावशी म्हणाल्या, "घरात कोणी आहे, हे बाहेरून आलेल्याला कळायला नको?"

मग आम्ही मागच्या अंगणात फरशी घालायचं ठरवलं. गवत कापायला वेळ नाही आणि चिखल घरात येतो, म्हणून माझ्या यादीत ते काम बरेच दिवस होतं. फरश्यांची चळत येऊन पडली, रुबार्ब उपटून झाला. त्या सोमवारी मावशी फाटकापर्यंत आल्या, चळत पाहिली, "छान दिसेल हो," म्हणाल्या आणि झाकण न उघडता डबा घेऊन परत गेल्या. दोन दिवसांनी भेटल्या तेव्हा सांगितलं, की वेदीचं सामान ठेवायच्या खोलीची किल्ली फादरांना परत करणार आहे, गुडघा दुखतो.

"कुठला गुडघा?" मी विचारलं.

त्यांनी उजव्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने उठताना डावा चोळला.

"मावशी, गुडघा एकच ठरवा."

त्या हसल्या नाहीत. माझ्या नॅपकिनची घडी घालत राहिल्या. "चर्चचे कमिटीवाले म्हणतात, सरळ मशीनमध्ये टाका. टाकू देत की. पण माझ्या हाताने ते व्हायचं नाही. मग किल्ली ठेवून काय करू?"

"मला सांगायचं नाही का?"

"तुझं अंगण. आधीच एकदा मागितलं होतं."

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आपल्या गणपतीचं बादलीतलं पाणी आपण कुठे ओततो?" आम्ही इथे शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित करतो आणि विरघळली की ते पाणी त्याच कोपऱ्यात घालतो. इतकी वर्षं करते आहे आणि फरशीच्या यादीत मात्र मी ते कुठेच धरलं नव्हतं.

सकाळी फरशीवाल्याला सांगितलं, की कुंपणाजवळची एक फरशी बसवायची नाही. "ड्रेनसाठी का, लव्ह?" त्याने विचारलं. "ड्रेन नको म्हणूनच," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि उरलेली फरशी भिंतीला टेकवून ठेवली. सोमवारी मी स्वतः जाऊन मावशींना डब्यासकट घेऊन आले. तो मातीचा चौकोन त्यांनी बराच वेळ पाहिला, वाकून एक खडा उचलून बाजूला केला आणि पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "कडा सरळ नाहीत." किल्ली त्यांच्याकडेच राहिली. गुडघ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मागच्या वर्षी मात्र गुडघा खरोखरच गेला आणि मुलीने त्यांना ग्लासगोला नेलं. आता चर्चची कापडं कोण धुतं ते मी विचारलं नाही. सोमवारी फाटक वाजत नाही. भिंतीला टेकवलेली फरशी बघून नवऱ्याने एकदा विचारलं, "आता बसवून टाकायची का?" मी म्हटलं, "राहू दे."

मावशींचा फोन येतो. तब्येत, हवा, पोरं यांच्या आधी त्या एकच विचारतात, "कोणाचा पाय तर पडत नाही ना गं?" या हिवाळ्यात बर्फ पडला, तेव्हा फोन आला आणि मी खिडकीशी जाऊन बाहेर पाहिलं. साऱ्या अंगणभर बिन ओढत नेल्याच्या खुणा होत्या, मुलांच्या बुटांचे ठसे होते. कुंपणाजवळचा तो चौकोन तेवढा कोरा होता.

"नाही मावशी," मी म्हटलं, "कोणाचाच नाही."