सरूचा कोरा चेहरा

तीस वर्षं मी तोंडाला रंग लावला. रोह्याच्या आमच्या नाटक मंडळीत राजा झालो, दरोडेखोर झालो, आयत्या वेळी माणूस आला नाही म्हणून दोनदा राणीही झालो. पण आज या वयात डोळे मिटले की जो चेहरा दिसतो, तो रंगमंचावरचा नाही. तो कुंडलिका नदीपलीकडे, अष्टमी गावात राहणाऱ्या सरूचा. सरू हसली की समोरच्याला वाटायचं, आपल्या हातून आज काहीतरी फार चांगलं घडलं. आम्ही नट त्या एका हसण्यासाठी जन्मभर प्रेक्षकांपुढे घाम गाळतो. तिला ते आईच्या पोटातून मिळालं होतं.

एक्याऐंशी सालची गोष्ट. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने पेणला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. आपल्याकडच्या बायामाणसांना तोंडाचा कॅन्सर का होतो, आणि तंबाखू-मिश्री सोडली तर तो टळतो का, हे दहा वर्षं गावोगाव फिरून पाहायचं होतं. निधी काही दिल्लीहून यायचा, काही परदेशातून. दर तीन वर्षांनी अहवाल गेला की पुढचा निधी मंजूर व्हायचा. त्यांना घरोघर जाणारी माणसं हवी होती. सरू नुकती मॅट्रिक झाली होती, बाप नव्हता, आई शिवणकाम करायची. तिला ती नोकरी लागली. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणि जाड पुठ्ठ्याची वही. रोह्याजवळच्या निडीच्या वरच्या अंगाची डोंगराकडची गावं तिच्या वाट्याला आली.

पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. उद्या शहरातली बाई तोंड तपासायला येणार, असा निरोप आदल्या दिवशी गावात गेला होता. पाहुणी तोंडात डोकावणार म्हटल्यावर तोंड स्वच्छ नको? गावातल्या झाडून सगळ्या बायका पहाटे उठल्या आणि तव्यावर तंबाखू जाळून, ताजी मिश्री करून, खसाखसा दात घासून बसल्या. सरूने बॅटरी लावली तर प्रत्येक तोंड काळंभोर! रोज एकदा लावणारीने त्या दिवशी तीनदा लावली होती. सरू डोक्याला हात लावून बसली आणि मग जी हसत सुटली, ती सगळ्या ओटीला हसवून गेली. त्या दिवशी ती गावाची झाली.

तिची आई आमच्या मंडळीचे कपडे शिवायची, त्या ओळखीने सरूने माझं नाव सुचवलं आणि संस्थेने मला बोलावलं. लोकांना समजेल असं एक नाटक बसवा म्हणाले. मी तंबाखूराव नावाचा राजा झालो. जरीचा टोप, कंबरेला तलवार, मागे खोकणारं सैन्य. भाताची आणि वालाची कामं आटोपली की माघात, फाल्गुनात आम्ही गावोगाव प्रयोग करायचो. आणि दरवेळी पहिल्या रांगेत हौसा असायची.

हौसा ही सरूची फजिती झाली त्याच गावची धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालतो, पण धवलारीण लागतेच. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. देवाला बोलावणं तिनं धाडायचं, नवरीला निरोप तिनं द्यायचा. हौसाचा आवाज असा की एका पाड्यात लग्न लागलं की दुसऱ्या पाड्यातल्या म्हाताऱ्या घरात बसून डोळे पुसायच्या. मला ती 'राजे' म्हणायची. नाटकात माझा टोप घसरला की तीच आधी ओरडायची, "राजे, राज्य सांबाला!"

सरूवर तिचा भारी जीव. "तुज्या लग्नात धवले मी गानार गो," असं ती दरवेळी म्हणायची. "नवरा तेवडा तू बग."

"आधी तू मिश्री सोड, मग मी नवरा बघते," सरू म्हणायची.

हौसाच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत तो पाहिला होता. मिश्री सुटली तर असे चट्टे बहुधा विरतात, नाही सुटली तर काही पुढे वाईट वळण घेतात, हेच तर त्यांना मोजून पाहायचं होतं. म्हणून नियम असा होता की ज्यांनी सोडली त्यांना वर्षातून एकदा पाहायचं आणि चट्टा असून ज्यांनी सोडली नाही त्यांना दर तीन महिन्यांनी, गरज पडली तर तुकडा काढून तपासायचा. दात जुन्या मिश्रीने काळेच, ते पाहून काही कळायचं नाही; सगळं वहीतल्या 'सोडली' या एका रकान्यावर ठरायचं.

दुसऱ्या वर्षी सरूने विचारलं, "हौसाबाय, सोडलीस का?"

"सोडली."

सरूचा चेहरा असा उजळला म्हणे, की शेजारच्या दोघीही लगेच म्हणाल्या, "आमी बी सोडली."

तिसऱ्या, चौथ्या वर्षीही तेच. सरूची गावं पेणच्या खोलीतल्या नकाशावर सगळ्यात पुढे. डॉक्टर तिचं नाव अहवालात घालणार होते.

पंच्याऐंशीच्या माघात मी प्रयोगाच्या आदल्या दिवशीच गावात गेलो. नाटकातल्या राणीचं लुगडं विसरलं होतं, ते मागायला भर दुपारी हौसाच्या मागल्या दारी गेलो आणि ठसका लागून उभाच राहिलो. हौसा चुलीपाशी बसली होती. तव्यावर तंबाखू जळत होती.

ती दचकली नाही. पदराने धूर वारत म्हणाली, "राजे, तुमी बगितलं नाय नि मी केलं नाय."

"हौसाबाय, सरूला तर सांगतेस सोडली म्हणून!"

"सांगते ना. दरसाल सांगते."

"का पण?"

"का काय? पोर उनाचा डोंगूर चडून येते. 'सोडली' बोललं का कशी उजलते, बगितलं हाय तुमी? तिला 'नाय सोडली' बोलून रिकाम्या हातानं धाडू? पावनीला कोन असं धाडतं?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "चार वेला सोडून बगितली. डोकं फुटतं, आतडं पिलवटतं. तिला नका सांगू, राजे. तिचं तोंड उतरंल."

मी हो म्हणालो. लुगडं घेतलं आणि निघालो. एका नटाने दुसऱ्या नटाचं सोंग भर प्रयोगात उघडं पाडायचं नसतं, अशी मी माझी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तंबाखूराव होऊन मी गडगडाट केला आणि हौसा पहिल्या रांगेत पोट धरून हसली. आता वाटतं, त्या दिवशी गावात दोन नाटकं चालली होती आणि माझं काम दोन्हींत होतं.

पुढल्या वर्षीच्या वैशाखात एका लग्नात हौसाचा आवाज मध्येच अडला. तिखट लागलं, असं तिनं सांगितलं. नंतर सरू वार्षिक तपासणीला गेली तेव्हा हौसाला तोंड दोन बोटंही उघडेना. बॅटरीच्या उजेडात चट्ट्याच्या जागी लाल, कडक कडेचं क्षत दिसलं. सरू तिला तशीच घेऊन पेणला गेली. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, पुन्हा तोंड पाहिलं.

"सोडून चार वर्षं झाली ना हिला?"

"हो सर. ही खोटं बोलणार नाही. मी ओळखते हिला," सरू म्हणाली. हौसा जमिनीकडे बघत राहिली.

हे सरूने मला अष्टमीच्या पुलावर सांगितलं. मी रोह्याच्या बाजूने येत होतो, ती तिकडून. तिला एकच कोडं पडलं होतं, सोडूनही असं का व्हावं? संशोधनच चुकतंय का? तेव्हा मात्र मला राहवेना. मी तवा, धूर, दुपार, सगळं सांगून टाकलं.

तिने कठड्यावर हात ठेवले. खाली भरतीचं पाणी चढत होतं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"वर्षभर?"

"हो, सरू."

"दर तीन महिन्यांनी पाहिलं असतं हो तिला." एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

हौसाला मुंबईला नेलं. डाव्या जबड्याचा भाग काढावा लागला. इकडे सरू वही घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली. म्हणाली, माझा 'सोडली'चा रकाना खोटा आहे. एका हौसाचा नाही, किती जणींचा ते मला माहीत नाही. अहवाल महिन्यावर आला होता आणि तिचीच गावं त्यात यशाची म्हणून दाखवायची होती. डॉक्टरांनी वही मिटून तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मग पुन्हा विचारून या." ती पुन्हा घरोघर गेली. सोडली म्हणणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी लावत होत्या, आणि सगळ्यांचं कारण हौसाचंच. तुमचं मन कसं मोडायचं? डॉक्टरांनी खरे आकडे पाठवले. पुढचा निधी सहा महिने अडकला, पण आला. प्रश्नही बदलला. 'सोडली का' विचारायचं नाही, 'आज सकाळपासून किती वेळा लावली' असं विचारायचं.

पण प्रश्न बदलून भागणार नव्हतं, हे सरूला कळलं होतं. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पुलावरच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"काका, मला चेहरा कोरा ठेवायला शिकवा."

"म्हणजे?"

"एकदा म्हटलं काय, दहादा म्हटलं काय, नाही म्हटलं काय. माझ्या तोंडावर काही दिसता कामा नये. हौसाबायला माझ्या तोंडाने फसवलं. ते तोंड मला नको."

चेहऱ्याला बोलायला लावण्यात माझा जन्म गेला होता. त्याला गप्प करायचं कसं, याची तालीम मी कुणाला दिली नव्हती. तरी मेकअपचा आरसा भिंतीला टेकवला आणि तिला समोर बसवलं. नजर उत्तर देणाऱ्याच्या कपाळावर ठेव. उत्तर येताना श्वास सोड, घेऊ नकोस. दातावर दात नको, जीभ खाली सैल. मी एकेक उत्तर द्यायचो, ती आरशात बघायची. डोळ्यांच्या कडा काही केल्या ऐकेनात. तीन आठवडे लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी शाबासकी दिली, तर तिच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. मला क्षणभर भीती वाटली.

हौसा परत आली. गाल आत ओढलेला, शब्द अर्धे नाकातून. गाणं गेलं होतं. मिश्री मात्र खरोखर सुटली होती. इस्पितळात महिनाभर कोण आणून देणार? तोवर निडीला रेल्वेगाडी थांबू लागली होती. सरूच्या त्रैमासिक फेरीला मीही तिच्यासोबत उतरलो. हौसाला पेरू आवडायचे, पण चावता येणार नाहीत म्हणून शिजवून साखर घालून नेले होते.

ओटीवर हौसा बसली होती. दाराच्या चौकटीला टेकून शांती आणि आणखी एक बाई, आपला नंबर यायची वाट बघत. शांती म्हणजे हौसाची धाकटी जाऊ, पस्तिशीची.

सरूने वही उघडली. "हौसाबाय, आज सकाळपासून किती वेळा लावली?"

हौसाने मान हलवली. दोन्ही हात उघडून दाखवले, रिकामे. "नाय," म्हणाली. "येकदा बी नाय. खरं." आणि सरूच्या तोंडाकडे बघत राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे द्यायला खरं काही होतं.

सरूने श्वास सोडला. नजर कपाळावर. वहीत शून्य लिहिलं.

हौसा पुढे झुकली. ओढलेल्या तोंडातून मोठ्या कष्टाने म्हणाली, "हस ना गो."

मी सरूकडे पाहिलं. तिचा पेन धरलेला अंगठा पांढरा पडला होता. चौकटीतल्या दोघी डोळे लावून बघत होत्या. ही हसली की आपण काय उत्तर द्यायचं ते त्यांना कळणार होतं.

"पुढल्या वेळी, हौसाबाय," सरू म्हणाली आणि पान उलटलं. "शांती, ये. आज किती वेळा?"

शांतीने हौसाकडे पाहिलं, सरूकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर तिला काही सापडलं नाही. "पाच," ती म्हणाली.

बॅटरी लावली तेव्हा शांतीच्या ओठाच्या कोपऱ्यात एक लहानसा चट्टा सापडला. तीन महिन्यांनी पाहिला, सहा महिन्यांनी तुकडा काढला, वेळेत काढून टाकला. शांती आज नातवंडांवर ओरडते, चांगली दोन पाडे ऐकतील अशी.

परतीच्या वाटेवर वालाच्या शेताच्या बांधापाशी सरू थांबली, मागे वळली आणि हौसाच्या घराच्या दिशेने हसली. तेच जुनं हसू. मी म्हटलं, "चल, परत जाऊ. दाखव तिला." ती म्हणाली, "त्या दोघी अजून ओटीवरच असतील, काका. पुढल्या वेळी."

पुढल्या वेळेआधीच फाल्गुनात हौसा गेली.

सरूने ते काम अभ्यास संपेपर्यंत केलं. लग्नही केलं, अष्टमीतच, पोस्टातल्या माणसाशी. धवलारीण बोलवूया म्हणून आईने हट्ट धरला, सरू नको म्हणाली. अंतरपाट धरला तेव्हा मी मागे उभा होतो. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती कान देऊन कशाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी होती.

आता मी पंच्याऐंशी पार केली. संध्याकाळी काठी टेकत पूल ओलांडून तिच्याकडे जातो. ती चहा करते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. "आज किती वेळा दुखलं?" मी काहीही उत्तर दिलं तरी नजर कपाळावर, श्वास खाली. मी म्हणतो, "हस ना गो." ती म्हणते, "तुम्हीच शिकवलंत ना, काका?"

खरंच आहे. तोंडाचा रंग उतरवायला आम्ही खोबरेल चोळायचो. प्रयोग संपला की अर्ध्या तासात आपला चेहरा आपल्याला परत मिळायचा. तिला मी कोरा चेहरा चढवायला शिकवलं, पण तो उतरवायचा कसा, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. चहा संपतो, मी उठतो. दाराशी जाऊन एकदा मागे वळून बघतो. रोज बघतो.