बारा पट झूम आणि बाबांचं हसू

सिंदीच्या फलाटावर वर्ध्याला जाणारी पॅसेंजर यायला अजून वेळ होता, म्हणून शेजाऱ्यांकडून मागून आणलेला रोलचा कॅमेरा धाकट्या दिलीपनं पिशवीतून काढला. त्यासरशी बाबांनी टोपी सारखी केली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि श्वास रोखून धरला. आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि चेहरा बंद केला. मध्ये मी, पायाशी सुटकेस. पुण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली होती आणि वर्ध्याहून पुण्याची गाडी पकडायची होती. दिलीप ओरडला, "हसा ना बाप्पा, कोणी मरून नाई राह्यलं!" पण कोणी हसलं नाही. आमच्याकडे फोटो म्हणजे झेंडावंदन.

गाडी आली. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचला का पत्र टाकजो. अन् जेवत जाजो." गाडी हलली, आणि मी वळून पाहिलं तेव्हा तिघंही घराकडे निघाले होते. दिलीप काहीतरी बोलला आणि बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चालता चालता, सहज. माझ्या खांद्यावर त्या दिवशी त्यांनी हात ठेवला नव्हता. डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी दोन दिवसांत निघते म्हणतात. तो हात काही माझ्या डोळ्यांतून निघाला नाही.

नव्वदीचं दशक ते. पुण्यात काही वर्षं काढली, मग मस्कतला गेलो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले त्यांना वाटत असेल, मागे राहिलेले आपला हेवा करतात. जे राहिले त्यांनाही तसंच वाटत असेल. माझ्यापुरतं सरळ सांगतो: मी माझ्या भावाचा हेवा करतो. तो सिंदीतच राहिला, वावर पाहतो, बाजारात त्याचं कृषी केंद्र आहे. बाबा त्याला उठता-बसता शिव्या घालतात. मला त्या शिव्यांचाही हेवा वाटतो. मला कोणी गधडा म्हणून किती वर्षं झाली!

मी सुट्टीवर गेलो की मला कपबशी येते. आमच्या घरी चहा स्टीलच्या गिलासात पितात, फुलाफुलांची कपबशी पाहुण्यांसाठी. तिसऱ्या-चौथ्या सुट्टीपासून कधीतरी ती माझ्यासमोर यायला लागली आणि मग येतच राहिली. दिलीप शेजारी बसून गिलास फुंकत असायचा. बाबा मला हवापाण्याचं विचारायचे. "तिकडं ऊन कसं हाये?" मी सांगायचो. ते मान हलवायचे. मग आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहायचो.

अशाच एका सुट्टीनंतर मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. मस्कतमधल्या रुवीच्या बाजारात एक दुकान होतं, तिथला मलयाळी सेल्समन फार धीराचा माणूस. मी त्याचं डोकं कितीतरी शुक्रवार खाल्लं. खिशातला छोटा कॅमेरा रोजच्या वापराला बरा होता, पण त्याचं झूम म्हणजे बसल्या जागेवरून उंबरठ्यापर्यंत. मोठा, लेन्स बदलायचा कॅमेरा पाहून छाती फुलायची, पण लांबचं काढायला दुसरी लेन्स, तिला तिसरी पिशवी, आणि लेन्स बदलताना आत धूळ जायची भीती. ओमानच्या डोंगरांत धूळ, आमच्या वावरात धूळ, मी कुठे बदलणार होतो? शेवटी त्यानं कपाटातून एक मधला काढला. "साब, ये बीच का है." ब्रिज कॅमेरा म्हणतात त्याला. दिसायला मोठ्यासारखा, पण लेन्स एकच, कायमची बसवलेली, आणि झूम बारा पट. डोळा लावायच्या भोकात खरी काच नाही, चिमुकला टीव्ही. बाजारात कुठेही मिळणारे चार सेल घातले की चालू.

बायकोला मी सांगितलं की प्रवासाला हाच सोयीचा. ते खोटं नव्हतं. त्या कॅमेऱ्यानं मी समुद्र काढला, किल्ले काढले, खजुराच्या बागा काढल्या. पण दुकानात उभं राहून मी बारा पट झूममधून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचा म्हातारा पाहिला होता. तो कान खाजवत होता, त्याला माझा पत्ता नव्हता. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की असं लांबून पाहिलं तर बाबा झेंडावंदन करणार नाहीत.

कॅमेऱ्याचे दोष हळूहळू कळले. संध्याकाळी उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखा दाणा यायचा. आणि बटण दाबल्यावर तो जरासा विचार करून मग फोटो घ्यायचा. उडणारा पक्षी हवा असेल तर हातात मोकळं आभाळ यायचं. त्यावर उपाय एवढाच की बटण आधी अर्धं दाबून धरायचं आणि दम धरायचा. नवीन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, पेटीतल्या पुस्तकात इतकं स्पष्ट कोणी लिहीत नाही.

समुद्राचे आणि डोंगरांचे फोटो मी मोठे छापून घरी पाठवायचो. खरं कारण सांगू? दिलीपचा जळफळाट व्हावा म्हणून. त्यानं काय केलं, तर सगळे फोटो दुकानाच्या काउंटरवर काचेखाली लावले. बियाणं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. "माह्या भावानं काढले. पाह्य, कसं निळं पाणी हाये!" हेवा तर सोडाच, गड्याला अभिमान वाटत होता. मला हे ऐकून रात्रीचं जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याची सुट्टी मिळवली. आमच्या सिंदीला पोळ्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचं कौतुक जास्त. पोरं आपापले लाकडी नंदी सजवतात, चाकांवर ओढत घरोघरी नेतात, आणि ज्याच्या दारात नंदी जातो तो पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ किंवा नाणं ठेवतो. मी घरात शिरलो तर दिलीपची मुलगी पिंकी माझाच नंदी रंगवत बसली होती. माझा! बाबांनी माझ्यासाठी सुताराकडून करून घेतलेला. शिंगं निळी केली होती. माझ्या वेळी लाल होती. "मोठे बाबा, मस्त दिसते ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात चरफडलो. मला कोणी विचारलं होतं का?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर घरचे असणारे बैल त्या एका दिवशी पाहुणे. मी तिथंच हातात कपबशी घेऊन उभा होतो. माझं तर आल्यापासून रोजच आवतन चाललेलं. फोटो काढायला पुढे झालो, तर बाबांनी बैल सोडून टोपी सारखी केली.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. गोठा समोरच्या मोकळ्या जागेपलीकडे, बराच लांब. त्या छोट्या टीव्हीला डोळा लावला आणि झूम ताणत नेलं. बाबा बाजेवर बसले होते, शेजारी दिलीप. आणि बाबा हसत होते. साधं नाही, डोकं मागे टाकून, तोंड उघडं, डोळे मिटलेले, टोपी मांडीवर पडलेली. एक हात दिलीपच्या खांद्यावर आपटत होते. असं हसताना मी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बटण अर्धं दाबलं, दम धरला आणि फोटो घेतला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. पण काढला तो रागानं.

मी जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आलो. मला त्या हसण्यात पोचायचं होतं. पोचलो तेव्हा बाबांनी टोपी घातली होती. ते सरकले, मला जागा दिली आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "कपात चहा आणा हो." मी विचारलं, "काय झालं?" "काई नाई," बाबा म्हणाले. दिलीपनं माझ्या हातातला कॅमेरा पाहिला. "एवढ्या लांबून काऊन काढतो? जवळ येऊन काढ ना." जवळ आलो की काय होतं ते मला माहीत होतं.

मस्कतला परत येऊन तो फोटो मी मोठा केला आणि बैठकीत लावला. लोक म्हणायचे, वा, काय टिपलंय! मी म्हणायचो, माझे वडील. शेजारी कोण, असं कोणी विचारलं तर म्हणायचो, माझा भाऊ, आणि तेवढं बोलताना आवाज कोरडा व्हायचा. कायद्यानं त्या जागी मी असायला हवा होतो. मोठा मी होतो. बाबांच्या मिशीवर एक पिवळा ठिपका आला होता, छपाईचा डाग असावा. बाकी फोटो निर्दोष होता. ते कशावर हसले होते, हे मी वर्षभर मनात घोळवलं. माझ्यावरच हसले असणार, माझ्या कपबशीवर, कॅमेऱ्यावर, माझ्या परदेशी टी-शर्टवर. स्वतःला त्रास करून घ्यायला माणसाला फार सामान लागत नाही.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला सुट्टी मिळाली नाही. तान्ह्या पोळ्याला दिलीपचा मोबाइल लावला. मागे पोरांचा गलका, ढोल. इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी राहवलं नाही.

"मले एक सांग. गेल्या साली आजच्याच दिवशी तू अन् बाबा बाजेवर बसून हसून राह्यले होते. कायच्यावर?"

दिलीपला आठवायला वेळ लागला नाही. "तुह्या नंदीवर."

"माह्या नंदीवर?"

"तू लहान होता तवा लाकडाच्या नंदीले आवतन देत होता, बैलाले देते तसं. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी वाढून त्याच्या म्होरं बसून राहे. नंदी खाये नाई अन् तूबी जेवे नाई. मंग बाबा तुले टाक्यावर पाणी आणाले धाडे, अन् तेवढ्यात पोळी खाऊन टाके. तू येऊन पाहे, नंदी जेवला! खुश होऊन आणखी एक वाढे. बाबाचं पोट फुटाले येत होतं. आता पिंकी तेच करून राह्यली. त्या दिवशी ते पाण्याले गेली, बाबानं पोळी गिळली अन् मले हे सारं सांगतलं. म्हणे, या पोट्टीचा नंदी बरा हाये लेका, मोठ्याचा लय खादाड होता!"

माझा नंदी जेवायचा, हे मला पक्कं आठवत होतं. शाळेत त्यावरून एका मुलाशी मारामारी केली होती. पुढे मोठा झालो, लाकूड जेवत नाही हे कळलं, पण ताट रिकामं कसं व्हायचं याचा विचार कधी केलाच नाही. आईनं उचललं असेल, असं काहीतरी समजून सोडून दिलं होतं.

"तू कुठी होता तवा?" दिलीपनं विचारलं.

"गच्चीवर."

"तिथून काय ऐकू येते? खाली याचं होतं ना."

मी भिंतीवरच्या फोटोजवळ गेलो. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शिंगांचं टोक होतं आणि त्याच्यापुढे एक रिकामी ताटली. वर्षभर मी ती ताटली पाहिलीच नव्हती, कारण वर्षभर मी फक्त दिलीपचा खांदा पाहत होतो. आणि मिशीवरचा तो पिवळा डाग छपाईचा नव्हता. पुरण होतं ते.

"बाबाले दे फोन," मी म्हणालो.

बाबा आले. "हां, बोल. तब्येत बरी हाये ना? ऊन कसं हाये तिकडं?"

"बाबा, माह्या नंदीच्या पोळ्या तुमी खात होते काय?"

पलीकडे एकदम हसू फुटलं, मोठं, खोकल्यात अडकत, पुन्हा सुटत. "दिलप्यानं सांगतलं काय लेका? तुह्या त्या नंदीनं माहा जीव घेतला असता, लेका!" ते हसतच होते. मी फोन कानाशी दाबून फोटोसमोर उभा होतो, आणि त्या उघड्या तोंडात पहिल्यांदाच आवाज बसला.

घर म्हणजे आता माझ्यासाठी काय, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, जिथं मी नसताना माझी गोष्ट सांगतात ती जागा. ती मला दिसते, लांबून, बारा पट मोठी करून. कधी ऐकूही येते. पण त्या दिवशी फोनवर बाबा हसत होते तेव्हा डोकं मागे गेलं होतं का, टोपी पडली का, हात कोणाच्या खांद्यावर आपटत होता, ते मला कळलं नाही. दिलीप समोरच बसला होता. त्याला चेहरा आणि आवाज दोन्ही एकदम मिळाले, तेही कॅमेरा न घेता. मेल्याचा अजूनही हेवा वाटतो.