गोठ्यामागचा धूर

वडील हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले आणि बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. सोबत आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत आता फाटके झेंडे असतात. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, सगळीकडचे जुने झेंडे लोक त्यांच्याकडे आणून देतात. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी ते सायकलीवरून रस्त्यावरचे कागदी झेंडेही गोळा करतात. वापरात न राहिलेला ध्वज एकांतात, मानानं जाळावा, असा नियम आहे. वडील तो गोठ्यामागे पाळतात. एकांत म्हणजे एकांत; आम्हा भावंडांना त्यांनी कधी तिकडे येऊ दिलं नाही. आम्ही धूर तेवढा पाहिला.

पहाटे ते भरतीच्या मुलांना डांबरी रस्त्यावर पळवत. फुकट. त्यात जवळच्या तांड्यावरचा एक तरुण सगळ्यांत पुढे असे. तो वडिलांना फौजी काका म्हणायचा. शारीरिक चाचणी तो पास झाला, लेखी परीक्षेची वाट पाहत राहिला आणि मग ती भरतीच रद्द झाली. वयाच्या अटीमुळे त्याला पुढची संधी नव्हती.

मुलांनी तहसिलीवर मोर्चा नेला. मी जिल्ह्याच्या दैनिकासाठी तिथं होतो. निवेदन घ्यायला तासभर कुणी बाहेर आलं नाही. तेव्हा त्या तरुणानं मोटारसायकलला लावलेला झेंडा काढला, जमिनीवर टाकला आणि काडी ओढली. दोन काड्या वाऱ्यानं विझल्या. तिसरीनं एक कोपरा पेटला. बाजूच्या दुकानांतली माणसं त्याला मारायला धावली.

वडील मुलांबरोबर आले होते. ते आधी त्या तरुणापुढे उभे राहिले. मग वाकून त्यांनी हातानं आग विझवली. गर्दीतून एकानं टोमणा मारला, "हेच शिकवलं का, फौजी?"

वडील झेंड्याची घडी घालत म्हणाले, "पळणं शिकवलं. राह्यलेलं आता शिकवतो."

माझ्या फोनमध्ये सहा फोटो होते. तीनमध्ये तरुणाचा चेहरा स्पष्ट होता. कार्यालयातून फोन आला तेव्हा मी पाच ओळींची बातमी दिली आणि फोटो नाहीत म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. ठाणेदारांनी वडिलांना दुसऱ्या दिवशी झेंडा घेऊन जबाबासाठी बोलावलं होतं. गुन्हा दाखल झाला असता, तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला त्याला मिळाला नसता, आणि त्याशिवाय चौकीदाराची नोकरीही मिळत नाही. हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं काही मागितलं नाही. आईनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं. वडिलांनी विचारलं, "कायले जाळत होता?"

"आमचं कोनी आयकूनच नाही राह्यलं, काका. झेंडा जळला त आयकतीन, असं वाटलं."

राग खोटा नाही, असं वडील म्हणाले.

"तीन घरी मी जवानाची पेटी घेऊन गेलतो," ते म्हणाले. "पेटी उघडू देत नाही. मंग माय झेंड्यावरूनच हात फिरवते. तिले वाटते, लेकराच्या अंगावरून फिरवून राह्यली."

आम्हाला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आई दारातच उभी राहिली.

सकाळी वडील आणि तो तरुण ठाण्यात गेले. झेंडा धुतलेल्या टॉवेलात होता. मीही गेलो. तरुणानं आपण काय केलं ते सांगितलं. वडिलांनी पाहिलं तेवढं सगळं लिहून दिलं, तिन्ही काड्यांसकट. ठाणेदारांनी विचारलं, फौजी म्हणून तुमचं काय मत आहे? वडील म्हणाले, "त्याले मारू न देणं, झेंडा उचलणं, एवढं फौजीचं काम होतं. ते काल झालं. बाकी कायद्याचं."

ठाणेदारांनी दोघांना चहा पाजला. तरुणाला उभं करून चांगलं खडसावलं. गुन्हा मात्र नोंदवला नाही आणि झेंडा परत दिला. कारण त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घरी आल्यावर वडिलांनी तो झेंडा ट्रंकेत ठेवला नाही. त्या तरुणाला घेऊन ते सरळ गोठ्यामागे गेले. पहिल्यांदाच तिथं दुसरं कुणी गेलं होतं. धूर थांबल्यावर दोघं बाहेर आले. राख मडक्यात होती. तुरीच्या शेताच्या बांधावर त्यानंच खड्डा खणला.

आता तो एसटीत चालक आहे. यवतमाळ आगारात अर्ज करताना चारित्र्याचा दाखला लागला, तो मिळाला. दर सत्तावीस जानेवारीला तो सुटी घेऊन येतो आणि कागदी झेंडे गोळा करतो, कारण वडिलांचे गुडघे गेलेत.

यंदा वडिलांना गोठ्यापर्यंतही जाता आलं नाही. त्यांनी ट्रंकेची किल्ली त्याच्याकडे दिली. काडेपेटी घेऊन तो एकटाच मागे गेला. मी वडिलांजवळ खाटेवर बसलो. धूर वर आला तशी त्यांनी पाठ सरळ केली, हात मांड्यांना लावले. धूर संपला तरी ते तसेच होते. मी म्हणालो, झालं असेल.

"राख थंडी होऊ दे," ते म्हणाले. "तो अजून उभा असन."