रिटर्नमध्ये बाबांना अपंग दाखवलं होतं

मागच्या महिन्यातला एक रविवार. सकाळी मी चहा घेत होते आणि मोबाइलवर इन्कम टॅक्सचा मेसेज आला... तुम्ही रिटर्नमध्ये घेतलेल्या वजावटी पुन्हा तपासा.

मी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्यातले निम्मे लोक शहरात औरंगपुऱ्यातल्या एकाच एजंटकडून रिटर्न भरतात. कंपनीकडून मिळालेला पगाराचा फॉर्म सोळा द्यायचा, ओटीपी सांगायचा... की रिफंड जमा. आत काय लिहिलंय, हे मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पीडीएफ उघडली. वजावटीत लिहिलं होतं, अवलंबून असलेले वडील, गंभीर अपंगत्व.

बाबा तेव्हा गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते. निवृत्त वायरमन... सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. खाली आल्यावर त्यांना दाखवलं. मला वाटलं, हसतील. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कुणी लिवलं?"

"एजंटने, बाबा."

"पण नाव तर तुझंच हाय ना."

मी मागच्या दोन वर्षांच्या पीडीएफही उघडल्या, तिथेही तेच होतं.

सोमवारी हाफ डे टाकून औरंगपुरा गाठलं. एजंट जरासुद्धा गडबडला नाही. "घाबरता कशाला मॅडम? सर्टिफिकेट करून देतो. सगळेच करतात."

"सर, माझे वडील ठणठणीत आहेत. सर्टिफिकेट नको, माझा पोर्टलचा पासवर्ड द्या." तो घेतल्याशिवाय उठले नाही.

रेहाना माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. तिला सांगितलं, तर तिने कँटीनमध्येच स्वतःचं रिटर्न उघडलं. त्यात तिच्या नावावर होम लोन होतं... आयुष्यात कधी न घेतलेलं! "चल, अपन दोनोंच बैठते," ती म्हणाली.

चार संध्याकाळी तिच्या घरी बसलो. यंदाचं रिटर्न दुरुस्त केलं, जुन्या दोन वर्षांची अपडेटेड रिटर्न भरली. फुकट मिळालेला रिफंड व्याज आणि जादा टॅक्ससकट परत गेला. गाडीसाठी साठवलेले पैसे संपले... वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमचे सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कशाला खाजवून खरूज काढता?" दोघी आठवडाभर चेष्टेचा विषय होतो.

परवा शिफ्ट सुटल्यावर तेच सर पार्किंगमध्ये थांबलेले दिसले. त्यांनी मोबाइल पुढे केला. रिटर्नमध्ये त्यांच्या मुलीला अपंग दाखवलं होतं. पहिलीतली पोर... कंपनीच्या गॅदरिंगला नाचताना मी पाहिलेली.

"माझंबी बघता का?" एवढंच म्हणाले. डोळे वर केले नाहीत.

त्या क्षणी राग आला नाही. त्यांच्या जागी मी होतेच की... फक्त काही आठवडे आधी.

त्यांच्या मागोमाग आणखी चौघे आले, आता आम्ही सात जण आहोत. पुढच्या वर्षापासून प्रत्येक जण आपलं रिटर्न स्वतः वाचून, स्वतः भरणार. रिफंड येवो न येवो.

रेहाना, एकटीने मला हे झेपलं नसतं गं. थँक्यू.