कमरेला बांधलेली गाय

आमचे आबा देवाला विचारल्याशिवाय कुठलंच काम करत नसत. फक्त देवाचं उत्तर यायच्या आत काम उरकलेलं असायचं.

उठल्या उठल्या खंडोबाला हात जोडून म्हणायचे, "देवा, विहिरीतला गाळ काढावा म्हनतो, तुझं काय म्हननं?" आम्ही डोळे चोळत बाहेर यावं, तर आबा कमरेइतक्या गाळात! असा बाप नशिबी आला की लेकानं एक तर त्याच्यासारखं व्हावं, नाहीतर पांघरुणातून उशिरा निघावं. मी दुसरं केलं. चौथीत मास्तरांनी मला सोडून दिलं, आबांनी मात्र सोडलं नाही, एवढंच माझं शिक्षण.

ही हकीकत खरं तर माझी बायको सुंदरा सांगायची. परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून मला लिहावी लागतेय. ती सांगायची तेव्हा दरवेळी मी थोडा जास्त फरफटायचो. शेवटी शेवटी तर मी तुळजापूरच्या वेशीपर्यंत गेलो होतो!

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं. बहात्तरच्या दुष्काळाचा धाकटा भाऊ शोभावा असं एक साल आलं. विहिरीत बादली सोडली की ठण् वाजायची. आमची बैलजोडी छावणीत गेली आणि परत आला एकच बैल. त्यातच गावात नवी दूध सोसायटी निघाली, आणि आबांच्या नावावर एक संकरित गाय मंजूर झाली. गाय दारात आली, पण अट होती. आठव्या दिवशी जनावरांचे डॉक्टरसाहेब बघायला येणार. गाय नीट सांभाळलेली दिसली तर तुमची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची.

आबांनी तीन दिवसांत गोठा उभा केला. दगड त्यांनी वाहिले, माती त्यांनी तुडवली, वर पाचट त्यांनीच टाकलं. अंघोळीशिवाय देवाला न शिवणारा माणूस, पण त्या आठवड्यात घमेल्यात उभं राहून अंघोळ करायचे आणि साठलेलं पाणी गाईच्या पाठीवर घालायचे. मला काम दिलं एकच, तेही सातव्या दिवशी; तोवर गाय शेजारच्यांच्या गोठ्यात बांधलेली.

"गाय बांधायचा खांब पूर. दोन हात खड्डा घे."

आता दुष्काळात जमीन झालेली तव्यासारखी! मी वीतभर उकरलं, खांब उभा केला, वरनं माती थापली आणि देवाला म्हणालो, "बाकीचं तू बघ." (थोडीफार भक्ती मलाही होती!)

आठवा दिवस नेमका रविवार, खंडोबाचा वार. साहेब यायच्या आधी तळी भरायची, असं आबांनी ठरवलं. तळी म्हणजे ताटात खोबरं, पानं, सुपारी आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. पाच जणांनी ताट धरायचं, तीनदा वर उचलायचं, येळकोट करायचा आणि भंडारा उधळायचा.

शेजारचे दोघं भाऊ आले. दस्तगीरमामू आले. (मामू बैलांच्या पायाला पत्र्या मारायचे, पण आमच्या तळीला पहिला हात त्यांचाच.)

"चार झालो," आबा म्हणाले. "पाचवा कोन?"

"तुमचा ल्योक हाय की," मामू म्हणाले.

"म्या गाय धरलीया," मी म्हणालो.

"मंग खांबाला बांध अन् ये! खांब कशाला पुरलाय, ववाळायला?"

खांबाला बांधली आणि गाईनं नुसती मान हलवली, तरी खांब बाहेर आणि माझा वीतभर खड्डा आबांच्या डोळ्यांपुढं! मग मी डोकं चालवलं. (आयुष्यात फार वेळा चालवलं नाही, आणि चालवलं तेव्हा असंच झालं.) गाईचं दावं सदऱ्याखालनं घेऊन कमरेला गच्च बांधलं आणि हात मोकळे करून ताटाला लावले.

मामूंनी ते बघितलं. हळूच म्हणाले, "अरे, ये क्या करता रे?"

"गप ऱ्हावा मामू, आबास्नी कळंल."

"मालूम तो होनाच है. तू नै बोल्या तो गाय बोलेगी."

पहिल्या येळकोटाला गाईनं कान टवकारले. दुसऱ्याला शेपूट उभं केलं. तिसऱ्याला आबांनी ओंजळभर भंडारा उधळला, वारं फिरलं, आणि सगळा भंडारा गाईच्या अंगावर! ती बिचारी कुठल्याशा फार्मावर वाढलेली. जन्मात तिला कुणी हळद लावली नव्हती. पाच पुरुष ओरडतायत आणि अंगाला हळद, म्हणजे आता आपलं लग्न लावतात असं तिला वाटलं असावं. ती निघाली. मी पण निघालो.

चार पावलं मी उभ्यानं पळालो, मग बसून, मग पोटावर. सरपंचाच्या दारातल्या गोवऱ्यांच्या ढिगातनं आम्ही आरपार गेलो. एका म्हातारीची बाज वाटेत होती; गाय तिच्यावरनं गेली, मी तिच्याखालनं. लोक ओरडत होते, "धर रं, सोडू नगस!" अरे, मी कुठं धरली होती? गाईनं मला धरलं होतं! मागं वळून बघितलं तर माझा लेंगा सगळा येत नव्हता. अर्धा सरपंचाच्या दारातच राहिला होता.

चावडीपुढं पाण्याचा टँकर उभा होता. बायांची रांग लागलेली. सुंदरा नुकतीच बादली भरून बाजूला झाली होती. लग्नाला आमच्या वर्ष पण झालं नव्हतं. गाईला पाण्याचा वास आला आणि ती जी थांबली, ती थेट सुंदराच्या बादलीत तोंड घालून!

रांगेत गलका झाला.

"ए बया, तिला लाईनीत लाव!"

"आमी सकाळधरनं हुभ्या हाव, अन् ही आत्ता आली!"

"पिऊ द्या," सुंदरा म्हणाली. "माझ्या वाटचं हाय." मग तिनं दाव्यावरनं नजर मागं मागं नेली. दाव्याच्या टोकाला मी.

"अवो, तुमी कुठं निगालाव?"

"गाईसंगं."

"व्हय का. लेंगा मागनं येनार हाय वाटतं?"

तेवढ्यात साहेबांची जीप आली! साहेब उतरले आणि गाईकडं बघतच राहिले.

"ही पिवळी का? कावीळ झालीय काय हिला?"

आबा धावत आले. दोन्ही हातांत तळीचं ताट तसंच. खोबऱ्याचा एक तुकडा सांडला नव्हता.

"कावीळ न्हाय साहेब, देवाचा भंडारा हाय."

"आणि हा कोण?"

"ल्योक हाय. कावीळ त्यालाबी न्हाय. आळस हाय."

"गाय माणसाला का बांधली?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी सांगून टाकलं, "खांब वीतभरच पुरलाय."

साहेबांनी वही उघडली.

"गाय चांगली आहे," साहेब म्हणाले, "पण असल्या घरी कशी ठेवायची? यादीत पुढचं नाव कुणाचं?"

आबांनी ताट खाली ठेवलं. डोक्यावरचं पागोटं काढून साहेबांच्या पायाशी ठेवलं. "चूक ल्योकाची हाय. खांब म्या आत्ता पुरतो, छातीइतका पुरतो. पर गाय नगा नेऊ साहेब." देव सोडून दुसऱ्या कुणापुढं आबा वाकलेले मी जन्मात एकदाच बघितले, आणि ते माझ्यापायी. भुई दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण तिथलीही जमीन तव्यासारखीच!

तेव्हा सुंदरा पुढं झाली. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी पोर, पदर सावरून सरळ म्हणाली, "साहेब, गाय कुनापाशी थांबली?"

"तुमच्यापाशी."

"मंग माझं नाव लिवा."

मघाशी भांडणाऱ्या बायाच ओरडल्या, "लिवा लिवा! न्हायतर पुन्ना लाईनीत शिरंल!"

साहेबांना हसू आवरेना. "बाई, झेपेल का तुम्हाला?"

"गाईचं काय न्हाय साहेब. ह्या मान्साला सांभाळायची काय योजना हाय का तुमच्या सोसायटीत?"

"नाही बाई, तशी नाही."

"मंग त्येबी माझ्याच नावावर टाका!"

साहेब हसले, आबा हसले, मामू तर जीपला धरून हसले. गाय आमच्याकडं राहिली. दुपारच्या उन्हात आबांनी माझ्याकडून छातीइतका खड्डा खणून घेतला. खड्ड्याचं माप ते सारखं माझ्याच छातीला लावून बघत होते, तेव्हा खांबच पुरणार आहेत ना, अशी मला शंका आली.

आबा गेले, त्या दिवशी सकाळीही वाफ्याला पाणी सोडून आलेले. गाय सात वेतं दूध देऊन गेली. सुंदरा गेल्या साली गेली. बिनकामाचं जनावर तेवढं दावणीला उरलंय. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करतं, आणि रोज उतू घालवतं!