कारखानिसांची पोवळ्याची माळ

बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात राजवाड्यातून आलेली निदान एक तरी वस्तू असते. कुणाकडे अत्तरदाणी, कुणाकडे पानदान, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या आजोबांच्या खांद्यावर महाराजांनी हात तरी ठेवलेला असतो. दांडिया बाजारातल्या नलिनी पागनीस हे सगळं शांतपणे ऐकून घेत, वस्तू भिंगाखाली धरत आणि चार शब्दांत त्या घराची इभ्रत धुळीला मिळवत. एवढं सगळं वाटून टाकलं असतं तर सरकारांना पत्रावळीवर जेवावं लागलं असतं, असं त्या म्हणत.

त्यांचे वडील संस्थानच्या जामदारखान्यात, म्हणजे दागिन्यांच्या खजिन्यात, कारकून होते. पारख त्यांच्याकडून आली आणि तिरकी जीभ आईकडून. नलिनीबाईंनी शाळेत चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही, कारण पुरुषांबद्दल त्यांचं मत खोट्या हिऱ्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. निवृत्तीनंतर घरोघरची बोलावणी सुरू झाली. जुना डागदागिना घेऊन सराफाची पायरी चढली की विकायला काढल्याचा गावभर बोभाटा व्हायचा. नलिनीबाई आल्या तर काय, चहाला आल्या. त्या कुणाकडून पैसा घेत नसत. लोकांची तोंडं उतरलेली बघायला मिळत, तेवढं त्यांना पुरे होतं.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये त्यांना गोविंदराव कारखानिसांनी हरणीच्या नव्या बंगल्यावर बोलावलं. गोविंदरावांची आई वारली होती आणि तिच्या डागांची वाटणी व्हायची होती. वाटेकरी दोघं. एक स्वतः गोविंदराव, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची विधवा पद्मा, करजणच्या शाळेत शिक्षिका. दोन पाटल्यांतली एकेक दोघांना आणि घराण्याचा हार थोरल्या पातीकडे, असं गोविंदरावांनी आधीच ठरवून टाकलं होतं. नलिनीबाईंनी फक्त तो राजवाड्याचा असल्याचं चारचौघांसमोर सांगायचं होतं, म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या, कुणालच्या, लग्नात तो मिरवता येईल.

पद्मा सोफ्याच्या कडेवर बसली होती. तिची इरा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि इंजिनियरिंगला नंबर लागला होता, पण खासगी कॉलेजात. "सोमवार फीची छेल्ली तारीख आहे, नलिनीताई," ती हळूच म्हणाली. "पाटली विकून अर्धी तरी होईल." उरलेली अर्धी कुठून येणार ते तिला ठाऊक नव्हतं. जे घर टीव्हीखाली टाकायला मखमल आणतं त्या घराला हे विचारायचं सुचलं नाही, याचा नलिनीबाईंना मनापासून संताप आला.

अहल्याबाईंनी, गोविंदरावांच्या बायकोनं, चंदनाची पेटी आणली. ती देवासारखी दोन्ही हातांनी धरली होती. आत पोवळ्यांची आणि निळ्या पिरोजांची भली थोरली माळ होती.

"आमच्या आजोबांना सरकारांनी दिलेला हार," गोविंदराव म्हणाले.

नलिनीबाईंनी माळ हातात घेतली. पोवळी जड होती, गार होती. भिंगाखाली त्यांच्या अंगावर बारीक, समांतर रेषा दिसत होत्या, रंगवलेल्या हाडावर किंवा काचेवर त्या येत नाहीत. पिरोजे बरेचसे हिरवट पडले होते. नखांचा रंग काढायच्या पाण्यात बुडवलेला कापूस त्यांनी एका पिरोजावर फिरवला, तो पांढराच राहिला. भोकांच्या आत बघितलं, तिथेही दगड तसाच. मग त्या थांबल्या. भोकांच्या कडा झिजून पसरट झाल्या होत्या.

"सासूबाई घालायच्या का ही?"

"छे हो," अहल्याबाई म्हणाल्या. "कुणीच नाही घातला कधी. पूजेतच असतो."

"मग झिजवली कुणी? पिरोजा घामानं आणि अंगाच्या तेलानं हिरवा पडतो, पेटीत बसून नाही. ही कुणाच्या तरी गळ्यात जन्मभर होती. राजवाड्यात पोवळं असतं तर सोन्यात जडवलेलं असतं, पाठीला मीनाकाम असतं. जाड दोऱ्यात ओवलेली अशी माळ पहाडाकडच्या बायका घालतात. थंडीत स्वेटर विकायला येतात ना इथे, त्यांच्याकडच्या. तुमच्या आजोबांनी ती शुक्रवारीत, जुन्या वस्तूंच्या बाजारात, घेतली असणार. जुनी, वापरलेली."

अहल्याबाईंनी पेटी मांडीवरून खाली ठेवली. गोविंदरावांचा चेहरा पोवळ्यांच्या रंगाचा झाला.

पुढचं वाक्य नलिनीबाईंच्या ओठांवर होतं. एवढी मोठी, जुनी, अस्सल पोवळी आता मिळत नाहीत, मुंबईचा व्यापारी दोन्ही पाटल्यांच्या दुपटीनं ही माळ घेईल, असं त्या सांगणार होत्या. तेवढ्यात गोविंदराव बोलले.

"परक्या बाईच्या गळ्यातली वस्तू आमच्या देवघरात नको. पद्मा, ही तू घे. तुझा वाटा झाला. पाटल्या इथेच राहतील."

विधवेची पाटली त्यांनी अशी एका वाक्यात गिळली आणि वर उदारपणाचा आव आणला. नलिनीबाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि आयुष्यात प्रथमच पारख अर्धी सांगून उठल्या.

सोसायटीच्या फाटकाबाहेर त्यांनी पद्माला उरलेलं अर्धं सांगितलं. व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, उद्या बरोबर येते म्हणाल्या. इराची फी पूर्ण भरून वर काही उरलंही असतं. पद्मा ऐकत राहिली, मग म्हणाली, "भाऊजींना सांगायला हवं," आणि माळ घेऊन परत आत गेली.

नलिनीबाई उन्हात उभ्या राहिल्या. मास्तरकी करणाऱ्या माणसांइतकी बावळट जात नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरलं. त्या गोविंदरावाच्या दिवाणखान्यात खरेपणा नेऊन ठेवायचा म्हणजे मांजरासमोर दूध ठेवायचं. मुलीचं वर्ष गेलंच, असं त्यांनी गृहीत धरलं.

पद्मा बाहेर आली तेव्हा माळ तिच्या हातातच होती.

"भाऊजी हसले," ती म्हणाली. तिला पुढचं बोलायला अवघड जात होतं. "म्हणाले, नलिनीबाईंना राजवाड्याच्या वस्तूंतलं काय कळणार, त्यांची पारख शुक्रवारीपुरती. दलाली मिळवायला काहीही सांगतील. म्हणाले, तूच ठेव, आणि त्यांना रिक्षाचे पैसे दे."

तिनं खरोखरच दहाची नोट पुढे केली होती.

नलिनीबाईंचे कान तापले. पंचवीस पावलांवर तो माणूस बसला होता. भिंग काढून, रेषा दाखवून, त्याच्याच फोनवरून मुंबईच्या व्यापाऱ्याला बोलायला लावून त्याचं तोंड काळं करायला पाच मिनिटं पुरली असती. आणि सहाव्या मिनिटाला त्यानं माळ परत मागितली असती.

त्यांनी नोट घेतली आणि रिक्षाला हात केला.

"चल, बस," त्या पद्माला म्हणाल्या, आणि एका गाढवाला शहाणं राहू दिलं.